आधी रेघ की आधी स्वर

म्यूझस्कोर हे नोटेशनचं सॉफ्टवेअर उघडून नवीन पान मागितलं, तर येणारं पान कोरं नसतं. पाच आडव्या रेघांवर ३२ बार आखून तयार असतात आणि प्रत्येक बारच्या मधोमध एक लहान जाड खूण रेघेला लोंबत असते. ती पूर्ण बारभराच्या विश्रांतीची खूण. चार मात्रांचा एक बार धरला, तर तुम्ही एकही स्वर लिहिण्याआधी संगणकाने १२८ मात्रांची शांतता हिशेबाने मांडून ठेवलेली असते. पुढे जे काही लिहायचं ते त्या शांततेतून कापून घ्यायचं.

‘एन’ ही कळ दाबली की स्वर भरायला सुरुवात करता येते. ‘५’ म्हणजे एका मात्रेचा स्वर, ‘४’ म्हणजे अर्ध्या मात्रेचा, ‘६’ म्हणजे दोन मात्रांचा. आधी लांबी सांगायची, मग ‘सी’, ‘डी’, ‘ई’ या अक्षरांनी स्वर. ‘५’ आणि मग ‘सी’ दाबताच पहिल्या बारमधली विश्रांती फुटते. एक मात्रा स्वराला जाते आणि उरलेल्या तीन मात्रांच्या जागी एक मात्रेची आणि दोन मात्रांची अशा दोन विश्रांती येतात. बेरीज चारच राहते. चौथ्या मात्रेवर दोन मात्रांचा स्वर द्यायला गेलात तर तो त्या बारमध्ये मावत नाही. मग सॉफ्टवेअर त्याचे दोन तुकडे करतं, एक रेघेच्या अलीकडे ठेवतं, एक पलीकडे, आणि दोघांना कमानीने बांधतं. कानाला एकच स्वर ऐकू येतो. फाइलीत मात्र दोन स्वर असतात.

गाणाऱ्याने एकच सा लावलेला असतो. तो समेच्या आधी सुरू झाला आणि समेच्या पुढे गेला, म्हणून त्याचे दोन सा होत नाहीत. मग संगणकाने त्याला दोन का मानावं? कारण या सॉफ्टवेअरच्या मनात बार हा आधीपासून असलेला खण आहे आणि स्वर त्या खणात ठेवायची वस्तू. हे मत झालं, आणि संगीताविषयी दुसरी मतंही असू शकतात. काही सॉफ्टवेअरांच्या मुळाशी ती आहेतही. गेल्या पन्नासएक वर्षांत ज्यांनी ज्यांनी संगणकावर स्वर टिपायची सोय केली, त्या प्रत्येकाला हा प्रश्न सोडवावा लागला: रेघ आधी की स्वर आधी? मुंबईत आणि लाहोरात दोन मराठी माणसांनी हाच प्रश्न कागदावर, संगणकाच्या कितीतरी आधी, दोन वेगवेगळ्या रीतींनी सोडवला होता. त्यांच्याकडे यायचंच आहे, पण वाट युरोपातून जाते.

व्हेनिसमध्ये ओत्ताव्हियानो पेत्रुची याने १५०१ साली ‘ओदेकातोन’ हा बहुस्वरी गाण्यांचा संग्रह सुट्या खिळ्यांनी छापला. एकाच कागदावर रेघा, स्वर आणि शब्द यांचे वेगवेगळे ठसे उमटवण्याचं त्याचं तंत्र होतं, आणि ते इतकं नेमकं होतं की आजही ती पानं पाहताना आदर वाटतो. त्या पानांवर बारच्या रेघा नाहीत. प्रत्येक गायकाचा भाग स्वतंत्र छापलेला, स्वराची लांबी स्वराच्या आकारातच सांगितलेली, आणि चौघे जण मात्रा मनात धरून एकत्र गाणारे. नियमित अंतरावर पडणारी उभी रेघ युरोपात रुळली ती सतराव्या शतकात. आज आपण ज्या रेघेला पाश्चात्त्य संगीताचा कणा समजतो, ती त्या संगीताच्या लेखनात बरीच उशिरा आली.

पुढे खोदकाऱ्यांचा काळ आला. लाइपझिग हे त्याचं मोठं केंद्र. ब्राइटकॉप्फ उंड हेर्टेल ही प्रकाशनसंस्था तिथे १७१९ मध्ये सुरू झाली आणि आजही आहे. मऊ धातूच्या पत्र्यावर पाच दातांच्या हत्याराने पाच रेघा ओढायच्या, स्वरांची डोकी पोलादी ठशांनी हातोडी मारून उमटवायची, दांड्या आणि बारच्या रेघा कोरायच्या, आणि हे सगळं उलटं, आरशातल्यासारखं. कामाला हात घालण्यापूर्वी खोदकारी हस्तलिखितातले बार मोजायचा. एका ओळीत किती बसतील, पान उलटायची जागा वादकाला सोयीची कुठे येईल, याच्या खुणा पत्र्यावर आधी व्हायच्या. त्याच्या दृष्टीने बार हे जागेचं माप होतं. वेळेची चिंता संगीतकाराने आधीच करून ठेवलेली असायची.

संगणकाला मात्र जागा आणि वेळ दोन्ही समजावून सांगावं लागतं. त्याचे सुरुवातीचे प्रयत्न फार विचारपूर्वक केलेले आहेत आणि आजच्या सॉफ्टवेअरच्या झगमगाटात त्यांची आठवण बुजली याचं मला वाईट वाटतं.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात लेलंड स्मिथ हे संगीतकार होते. दारियुस मियो यांच्याकडे शिकलेले. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून त्यांनी ‘स्कोर’ ही प्रणाली घडवली आणि पुढे घरगुती संगणकांवर ती आली तेव्हा मोठमोठ्या प्रकाशकांनी वापरली. त्यात माऊसने पानावर स्वर टाकायचा प्रकार नव्हता. एक ओळ घ्यायची आणि तिच्यावरून पाच फेऱ्या करायच्या. पहिल्या फेरीत फक्त स्वरांची नावं, एकामागून एक टाइप करायची. दुसऱ्या फेरीत फक्त लांबी: ‘क्यू’ म्हणजे एक मात्रा, ‘ई’ म्हणजे अर्धी, ‘एस’ म्हणजे पाव. तिसरीत आघात आणि खुणा, चौथीत शेपट्या जोडणाऱ्या पट्ट्या, पाचवीत कमानी.

हे ऐकायला किचकट वाटतं. पण एखादं गाणं कानाने उतरवून घेणाऱ्या कुणालाही विचारा. तो आधी स्वर पकडतो. मग लय बसवतो. मग कुठे जोर, कुठे मींड ते पाहतो. स्वर आणि काळ हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते वेगवेगळ्या वेळी सोडवता येतात, ही समज स्कोरमध्ये मुळापासून होती. बारची रेघ त्यात कशी यायची? पहिल्या फेरीत, स्वरांच्याच रांगेत, ‘एम’ हे अक्षर टाइप करून. स्वरांच्या गर्दीत आणखी एक खूण. ती कशाचीही मालक नव्हती.

जवळपास त्याच सुमारास, १९८० च्या आगेमागे, झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात सेव्हेरो ऑर्नस्टाइन आणि जॉन मॅक्सवेल यांनी ‘मॉकिंगबर्ड’ हे सॉफ्टवेअर केलं. यात पियानोसारख्या पट्टीवर वाजवायचं. वाजवलेले स्वर पडद्यावर नुसत्या ठिपक्यांसारखे, दांडीविना, जसे वाजले तशा अंतरावर उमटायचे. मग माणसाने बसून ठरवायचं की रेघ कुठे पडते, हा स्वर अर्ध्या मात्रेचा की पाऊण, कोणते स्वर एका गटात. आपण वाजवलेल्याचा अर्थ यंत्राने लावावा असा हट्ट या दोघांनी धरला नाही. हे संशोधन बाजारात कधी आलं नाही, पण त्यातली नम्रता मला अजून मोलाची वाटते.

कारण पुढे बाजारात आलेल्या सॉफ्टवेअरांनी नेमका तो हट्ट धरला. १९८३ मध्ये मिडी हे मानक ठरलं आणि कीबोर्ड संगणकाला जोडणं सोपं झालं. १९८८ मध्ये फिल फॅरंड यांनी लिहिलेलं ‘फिनाले’ आलं. त्यातल्या हायपरस्क्राइब या सोयीत ठोक्याबरोबर वाजवलं की नोटेशन तयार व्हायचं. पण माणूस घड्याळासारखा वाजवत नाही. किंचित उशिरा पडलेल्या स्वराला यंत्र प्रामाणिकपणे बत्तिसाव्या हिश्श्याची विश्रांती लावतं आणि पानावर काट्यांचं रान उगवतं. म्हणून ज्यांना रोज पानं काढायची असतात त्यातले पुष्कळ जण थेट वाजवून लिहीत नाहीत. डावा हात आकड्यांवर, उजवा पट्टीवर: लांबी, स्वर, लांबी, स्वर. सवयीच्या माणसाची त्यात अशी गती येते की शेजारी बसलेल्याला तो काहीतरी वेगळंच वाद्य वाजवतोय असं वाटावं.

फिनालेमध्ये बार हा खण होता, आणि कडक खण. स्पीडी एंट्री या पद्धतीत एका बारभोवती चौकट उघडायची. त्या चौकटीत स्वर भरायचे. भरली की पुढची. एका मात्रेचे आत १०२४ सूक्ष्म भाग धरलेले असायचे आणि प्रत्येक स्वराची लांबी त्या हिशेबात. चौकटीत जास्त मात्रा झाल्या की सूचना यायची: या बारमध्ये मात्रा जास्त झाल्या आहेत, काय करू? जास्तीचे स्वर काढून टाकू, पुढच्या बारमध्ये ढकलू, की पुढच्या सगळ्याची नव्याने वाटणी करू? संगीताबद्दलचा प्रश्न जागेच्या टंचाईचा प्रश्न बनून समोर यायचा.

इंग्लंडमध्ये बेन आणि जोनाथन फिन या जुळ्या भावांनी विद्यार्थिदशेत ‘सिबेलियस’ लिहायला घेतलं. एकॉर्न या ब्रिटिश संगणकावर, असेंब्ली भाषेत. १९९३ मध्ये ते बाजारात आलं आणि १९९८ मध्ये विंडोजवर. त्याची कीर्ती गतीसाठी झाली: एक बार वाढवला की शंभर पानांचा स्कोर डोळ्यांदेखत नव्याने रचला जायचा. लाइपझिगच्या खोदकाऱ्याने हे पाहिलं असतं तर त्याला काय वाटलं असतं, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो. खण मात्र तसेच राहिले.

२०१२ मध्ये सिबेलियसच्या तेव्हाच्या मालक कंपनीने, ॲविडने, लंडनचं कार्यालय बंद केलं आणि ते घडवणारी मंडळी एकदम मोकळी झाली. त्यातल्या बऱ्याच जणांना हँबर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीने घेतलं. डॅनियल स्प्रेडबरी यांच्या पुढाकाराने या चमूने सगळं पहिल्यापासून लिहायला घेतलं आणि २०१६ मध्ये ‘डोरिको’ आलं. नाव व्हॅलेरिओ डोरिको या सोळाव्या शतकातल्या इटालियन मुद्रकाचं.

डोरिकोमध्ये स्वर एका अखंड काळात राहतात. स्वराला सुरुवात आहे आणि लांबी आहे. बार नंतर, तालाच्या खुणेवरून, वरून पडतात. चारचा ताल बदलून तीनचा केला तर रेघा सरकतात, कमानी आपोआप कुठे जुळतात कुठे सुटतात, आणि स्वर जागचा हलत नाही. रेघ ओलांडणारा दीर्घ स्वर पानावर दोन डोक्यांचा दिसला तरी आत तो एकच असतो. त्यावर टिचकी मारली की दोन्ही डोकी एकदम निवडली जातात. तालाची खूण न देताही लिहिता येतं. मग रेघा पडतच नाहीत. आणि विश्रांती टाइप करायचीच नसते. दर्शक पुढे न्यायचा, पुढचा स्वर टाकायचा. मध्ये जी जागा उरली तिथे विश्रांतीच्या खुणा आपसूक दिसतात. म्यूझस्कोरच्या पानावर सुरुवातीलाच शांतता भरलेली असते आणि इथे ती स्वरांच्या मध्ये उरते. रोज हाताळणाऱ्याला हा फरक पहिल्या तासात कळतो: डोरिकोत मध्येच एक स्वर घुसवला तर पुढचं सगळं सरकून जागा देतं, म्यूझस्कोरमध्ये तसं केलं तर तेवढा एक बार लांब होतो आणि त्याच्या कोपऱ्यात बारीक अधिकचं चिन्ह उमटतं. म्हणजे, हा खण ठरल्यापेक्षा मोठा झाला आहे, लक्ष असू द्या.

आणखी एक उत्तर हॉलंडमधून आलं आणि मला ते सगळ्यांत देखणं वाटतं. हान-वेन निनहॉइस आणि यान न्यूवनहाउझन यांनी १९९६ मध्ये ‘लिलीपाँड’ सुरू केलं. यात पडद्यावर पाच रेघा नाहीतच. साधा मजकूर टाइप करायचा: स्वराचं अक्षर, पाठोपाठ लांबीचा आकडा. शेवटी आज्ञा दिली की छापील पान तयार. जुन्या, हाताने खोदलेल्या पानांचं सौंदर्य संगणकाच्या पानाला यावं, हा त्यांचा ध्यास होता. या मजकुरात उभी रेघ टाइप करता येते, पण तिने बारची रेघ काढली जात नाही. ती फक्त तपासणी असते. लिहिणारा म्हणतो, माझ्या हिशेबाने इथे बार पुरा व्हायला हवा. प्रोग्राम स्वरांच्या लांबीची बेरीज करतो, आणि जुळली नाही तर सांगतो की अमुक जागी हिशेब चुकला आहे. रेघ इथे साक्षीदार आहे.

आता आपल्याकडे.

मुंबईच्या फिल्मी स्टुडिओत गायलेल्या चालीचं पाच रेघांवरचं भाषांतर कित्येक दशकं माणसांनी केलं. संगीतकार पेटीवर चाल गाऊन दाखवायचा, स्वतःच्या वहीत सा-रे-ग-म लिहायचा. अरेंजर ती चाल ऐकून इंटरल्यूड रचायचा आणि व्हायोलिन, चेलो, ब्रास यांचे भाग पाच रेघांवर उतरवायचा. यात गोव्याच्या मंडळींचा वाटा मोठा, कारण पोर्तुगीज काळात चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना सोल्फेज आणि व्हायोलिन लहानपणापासून शिकवलं जायचं. शंकर-जयकिशन यांच्याबरोबर काम केलेले सेबॅस्टियन डिसोझा त्यांतलेच. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले, आणि पुढे १९७७ च्या एका गाजलेल्या सिनेमात गुरूचं नाव गाण्यात अमर केलं. या मंडळींना एकाच वेळी दोन हिशेब डोक्यात ठेवावे लागायचे. केरव्याच्या ठेक्यावर झुलणारी, समेच्या जरा आधी उठणारी ओळ चारच्या बारमध्ये कुठे कापायची, कुठे कमान द्यायची, की साठ व्हायोलिनं एका श्वासात वाजतील, हे ते पेन्सिलीने ठरवायचे. त्या पानांपैकी फार थोडी उरली. आज जुनी गाणी जिवंत वाद्यवृंदावर करायची तर कुणीतरी रेकॉर्ड पुन्हा पुन्हा ऐकून सगळे पीस नव्याने काढतो आणि संगणकावर भरतो. एकेका गाण्यामागे असं काम उभं असतं, आणि मंचावर त्या माणसाचं नाव घेतलं जावं असं मला मनापासून वाटतं.

पण सगळ्यांत खोल विचार झाला तो शास्त्रीय संगीताच्या वहीत. विष्णु नारायण भातखंडे, जन्म १८६०, वाळकेश्वरचा, पेशाने वकील. विष्णु दिगंबर पलुस्कर, जन्म १८७२, कुरुंदवाडचा, मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेले, १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणारे. दोघांनी आपापली स्वरलिपी केली. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा देणाऱ्या मुलांना दोन्हींची चिन्हं पाठ करावी लागतात: कोमलला कुठे काय, तारसप्तकाला कुठे काय. त्या पाठांतरात मोठी गोष्ट निसटते, ती अशी की काळाकडे पाहायची दोघांची रीत मुळातच वेगळी होती.

पलुस्कर पद्धतीत प्रत्येक स्वराखाली त्याच्या लांबीची खूण असते. हा एका मात्रेचा, हा अर्ध्या, हा पाव. स्वर स्वतःची लांबी स्वतःबरोबर घेऊन चालतो. लिलीपाँडचं अक्षर आणि पाठोपाठ आकडा ही तीच कल्पना, शंभर वर्षांनी. भातखंडे पद्धतीत स्वराला स्वतःची लांबी नाही. मात्रा ही जागा आहे. त्या जागेत एकच स्वर असला तर तो एका मात्रेचा. दोन असले आणि खाली चंद्रकोर असली तर प्रत्येक अर्ध्याचा, चार असले तर पावाचा. स्वर पुढे लांबवायचा तर पुढच्या मात्रेच्या जागेत आडवी रेघ. भातखंड्यांचं पान म्हणजे मात्रांची जाळी, आणि तिच्या वर स्वर, खाली शब्द, त्याखाली सम, टाळी, खालीच्या खुणा. फिनालेचा खण आणि भातखंड्यांचा खण यांत फरक एवढाच, पण तो निर्णायक, की फिनालेचा खण बारएवढा आहे आणि भातखंड्यांचा मात्रेएवढा. खण लहान असल्यामुळे ओळ मोकळी राहते.

हे तीनतालातली एखादी द्रुत बंदिश घेऊन पाहावं. पुष्कळ बंदिशी खालीपासून, नवव्या मात्रेपासून उठतात. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकांत अशी बंदिश उघडली तर ओळच खालीपासून सुरू होते: आधी खालीचा विभाग, मग तिसऱ्या टाळीचा, मग मध्यावर सम, मग दुसरी टाळी. सोळा मात्रांची ओळ, खालीपासून खालीपर्यंत. मुखडा डोळ्यांना सलग दिसतो आणि सम ओळीच्या पोटात, जिथे ती गाताना वाटते तिथेच, येते.

तीच बंदिश म्यूझस्कोरमध्ये भरा. चार-चार मात्रांचे बार केले तर प्रत्येक चार मात्रांवर सारखीच रेघ. समेची रेघ आणि तेराव्या मात्रेची रेघ यांत पानाच्या दृष्टीने काही फरक उरत नाही. म्हणून सोळा मात्रांचा एक बार करावा लागतो, आत विभागांसाठी तुटक रेघा ओढाव्या लागतात. सुरुवातीच्या आठ मात्रा अपुरा बार म्हणून सांगाव्या लागतात, आणि सॉफ्टवेअर त्या अपुऱ्या बारला मोजणीतच धरत नाही. पुढे प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी मुखडा परत येतो तेव्हा तो बारच्या उत्तरार्धात असतो आणि त्याची सम रेघेपलीकडे, कधीकधी पुढच्या ओळीवर. सगळे स्वर बरोबर, सगळ्या मात्रा बरोबर, आणि तरी बंदिशीचा चेहरा हरवलेला. ओळी हव्या तिथे तोडता येतात, समेच्या खुणा मजकूर म्हणून टाकता येतात, सा कोणत्याही पट्टीचा असो तो ‘सी’वर लिहून वाजताना काळी एकला चढवता येतो. थोडी मेहनत घेतली तर पान चांगलं दिसतं. पण सॉफ्टवेअरला आवर्तन कळलेलं नसतं. आपण त्याच्याकडून ते काढून घेतलेलं असतं.

मग आपले शिक्षक, आपले विद्यार्थी करतात काय? वर्डमध्ये सोळा रकान्यांचा तक्ता काढतात. एका रकान्यात एक मात्रा. हे भातखंड्यांच्या कल्पनेला इतकं धरून आहे की तक्ता पाहिल्यावर आनंदच होतो. अडचण स्वराच्या चिन्हांची. कोमल स्वराखालची आडवी रेघ आणि तीव्र मध्यमावरची उभी रेघ युनिकोडमध्ये मिळतात, कारण वेदपाठाच्या स्वरचिन्हांसाठी त्या ठेवलेल्या आहेत. रे॒, ग॒, म॑ असं टाइप करता येतं. मंद्रासाठी खालचा टिंब नुक्त्यातून काढतात, तारसप्तकासाठी वरचा टिंब अनुस्वारातून. पान छान दिसतं. पण संगणकाच्या लेखी ‘सां’ हे अनुस्वार असलेलं अक्षर आहे, तार षड्ज नाही. त्याला तो वाजवता येत नाही, पट्टी बदलून देता येत नाही, अमुक स्वरसंगती आणखी कोणत्या बंदिशीत आली आहे ते शोधता येत नाही. चार अक्षरांखालून जाणारी चंद्रकोर तर साध्या टाइपिंगमध्ये बसतच नाही. ती चित्र म्हणून चिकटवावी लागते आणि फॉन्टचा आकार बदलला की सरकते. आणि युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या बंदिशी, तो फॉन्ट संगणकावर नसला, की निरर्थक अक्षरांचा ढीग होतात.

माहिती कोणत्या घरात ठेवली आहे याला किती महत्त्व असतं ते फिनालेच्या शेवटावरून जगाला दिसलं. २६ ऑगस्ट २०२४ रोजी मेकम्यूझिक कंपनीने जाहीर केलं की ३५ वर्षांनंतर फिनालेचा विकास थांबवत आहोत. नव्या संगणकावर ते चालू करून घ्यायची सोयही वर्षभराने बंद होणार होती. वापरकर्त्यांचा संताप पाहून ही सोय बंद करण्याचा निर्णय तेवढा लगेच मागे घेतला गेला. जगभरच्या संगीतकारांना आपल्या आयुष्यभराच्या फाइली म्यूझिक-एक्सएमएल या खुल्या स्वरूपात काढून ठेवायचा सल्ला मिळाला. मायकेल गुड यांनी घडवलेलं हे स्वरूप साधा मजकूर आहे आणि जवळजवळ सगळी नोटेशन सॉफ्टवेअर ते वाचतात. पण त्याच्याही आत सगळं बारच्या खणांत ठेवलेलं असतं. एका बारमध्ये दोन स्वतंत्र आवाज असले तर पहिला पुरा लिहायचा, मग काळात तेवढं मागे या अशी सूचना लिहायची, आणि दुसरा लिहायचा. जगातल्या संगीताची देवघेव आज याच भाषेत चालते.

या भाषेत दुसऱ्या परंपरांना जागा मिळाल्याची उदाहरणं आहेत. इराणी संगीतातले कोरोन आणि सोरी हे उतरते-चढते स्वर त्यात आहेत. चिन्हांच्या स्मूफल या मानकात तुर्की मकामांची चिन्हं आहेत, भारतीय तालवाद्यांसाठी एक खूणही आहे. चीनमध्ये घरोघरी वापरली जाणारी जिआनपू ही आकड्यांची स्वरलिपी तर आपल्याला लगेच ओळखीची वाटावी: १ ते ७ हे आकडे म्हणजे सरकत्या पट्टीवरचे स्वर, वरचा टिंब वरच्या सप्तकाचा, खालचा खालच्या, आडवी रेघ लांबवण्याची. फक्त आकड्याखालच्या रेघेचा अर्थ तिथे निराळा, लांबी निम्मी करण्याचा. म्यूझिक-एक्सएमएलमध्ये जिआनपूची सोय आहे. भातखंड्यांच्या आवर्तनाची कल्पना नाही.

ती आणायची तर काय काय सांगावं लागेल? सा कोणता ते एकदाच, बाकी स्वर त्याच्या नात्याने. ताल, त्याचे विभाग, सम. आणि ओळ कोणत्या मात्रेपासून उठते ते, अपुरा बार म्हणून नव्हे तर ओळीची खरी सुरुवात म्हणून. समेवरून पुढे गेलेला स्वर एकच स्वर म्हणून. कणस्वर, ज्याला स्वतःची मात्रा नाही; पाश्चात्त्य ग्रेस नोट त्याच्या जवळ येते. मींड, जिला नुसती कमान पुरत नाही, कारण दोन स्वरांमधला प्रवास कोणत्या श्रुतीवर रेंगाळतो यातच राग असतो. म्यूझस्कोरचा सगळा कोड खुला आहे, वेर्नर श्वीअर यांनी तो जगाला दिला; पुण्या-मुंबईच्या संगणकवाल्या गाणाऱ्यांनी, आणि असे पुष्कळ आहेत, त्यात हात घालायला कुणाची परवानगी लागत नाही.

सगळ्यांत अवघड पडेल तो विलंबित ख्याल. एकतालाच्या बारा मात्रा, आणि अतिविलंबित लयीत एक आवर्तन मिनिटाच्या आसपास जाणारं. भातखंडे पद्धतीत अशा वेळी एका मात्रेच्या पोटात चार-चार, आठ-आठ स्वर चंद्रकोरीखाली बसवतात. गायक मात्र तसं गात नाही. तो मुखड्याने सम गाठतो, आणि मधला काळ ठेक्याच्या कडेकडेने, कधी मात्रेच्या पुढे, कधी मागे, शब्द पसरत जातो. तेच आवर्तन पुन्हा गायलं तर शब्द दुसऱ्या जागी पडतील आणि तरीही बंदिश तीच राहील. स्कोरने स्वर आणि लांबी वेगळ्या फेऱ्यांत घेतली, मॉकिंगबर्डने ठिपके आधी मांडले आणि रेघ नंतर मागितली, डोरिकोने तालाची खूण न देता लिहू दिलं. विलंबितासाठी या तिन्हींची गरज आहे: सम आणि मुखड्याच्या मात्रा पक्क्या, मधले स्वर क्रमाने पक्के पण जागेने सैल, आणि फाइलीत ते सैलपण सैलपण म्हणूनच नोंदवलेलं, म्हणजे उद्या ती उघडणारा विद्यार्थी अकराव्या मात्रेवरच्या त्या निषादाला तिथे खिळा ठोकून बसवलेला समजणार नाही.